हार्लस्टोकची बारावी बाग

डेसमंड टेबट गेला तेव्हा त्याच्या यादीत तीनशे अकरा पक्षी होते. केटरिंगच्या पक्षिमंडळात याहून मोठ्या याद्या असलेले बरेच जण आहेत, त्यामुळे आकड्याचं कुणाला कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते यादीत नसलेल्या एका पक्ष्याचं. मानमोडी. सुतार पक्ष्याच्या जातीचा, चिमणीहून जरा मोठा, वाळक्या सालीच्या रंगाचा. हातात धरला तर सापासारखा फुत्कारतो आणि मान पिळून पार पाठीमागे पाहतो. पूर्वी इंग्लंडच्या फळबागांतून तो सर्रास असायचा, आता वर्षाकाठी वाट चुकल्यासारखा थोडे दिवस दिसतो. मंडळातल्या नवशिक्या पोरींनीसुद्धा तो पाहिला होता. डेसमंडने नाही. म्हणजे, यादीत नाही. ही त्याची हकीकत.

डेसमंड बुटांच्या कारखान्यात चामडं कापायचा. चाळीस वर्षं. अख्ख्या कातड्यावर हात फिरवायचा, ओरखडा कुठे आहे, गोचीड कुठे चावलीय, कुठे कातडं सैल आहे ते हेरायचं आणि ते सगळं टाळून बुटाचे भाग काढायचे. या कामाने माणसाची नजर बारीक होते आणि बोलणं कमी होतं. बायको थेल्मा मात्र बोलकी. दर वसंतात दोघं चार दिवसांसाठी कुठल्या तरी जुन्या गावाला जायची. राय, लडलो, ईली. तो पक्षी बघायचा, ती फुलं. दोघांची वही एकच. डावं पान त्याचं, उजवं तिचं.

चालण्याचीही रीत ठरलेली. ती पुढे, तो मागे. एखाद्या भिंतीवर काही हललं की हा तिथेच खिळायचा. ती पुढे जाऊन बागवाल्यांशी गप्पा मारायची, झाडांची नावं विचारायची आणि शेवटच्या बागेतल्या बाकावर बसून राहायची. हा आला की म्हणायची, "आलास? झाली का तुझी पाखरं?" ती कधी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं डेसमंडला नंतर वाटायचं.

नंतर म्हणजे त्या मे महिन्यातल्या रविवारनंतर. त्या दिवशी दुपारी दोघं हार्लस्टोकला जाणार होती. तिथे वर्षातून एक दिवस गावातल्या बारा खासगी बागा लोकांना उघड्या असतात. सकाळी मंडळातून फोन आला, वीस मैलांवरच्या तलावापाशी मानमोडी दिसलाय. डेसमंडने दुर्बीण गळ्यात अडकवली.

थेल्मा म्हणाली, "एकला निघायचंय हं, डेस. बागा पाचला बंद होतात."

"बाराला आलोच समज."

तो पोहोचला तेव्हा पक्षी निघून गेला होता. परत येईल, आता येईल, म्हणत डेसमंड तीनपर्यंत झुडपापाशी बसला. घरी पोचला तेव्हा पावणेचार. थेल्मा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली होती. पायात बूट, मांडीवर पर्स, डोक्यावर ती बाहेर जायची हिरवी टोपी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, दोनच्या सुमारास. तुम्ही असतात तरी कदाचित काही झालं नसतं. या वाक्यातला 'कदाचित' उशाशी घेऊन डेसमंडने तीन वर्षं काढली.

तीन वर्षं तो कुठेही गेला नाही. वही खणात राहिली. चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये पोस्टाने एक पिवळं पाकीट आलं. हार्लस्टोकच्या बागांचं पत्रक. पाकिटावर नाव थेल्माचं. त्यांच्या यादीतून ते कुणी काढलं नव्हतं. डेसमंडने पत्रक टेबलावर ठेवलं. दोन दिवस त्याला वळसा घालून चहा प्याला. तिसऱ्या दिवशी त्याने खणातून वही काढली आणि बूट पॉलिश करायला घेतले. त्याला एवढंच करायचं होतं. ती राहिलेली एक दुपार पुरी करायची. बारा बागा, पाचच्या आत. या खेपेला उशीर करायचा नाही.

मे महिन्यातल्या त्या रविवारी हार्लस्टोकच्या गाडीतळावर कुंपणावर एकटा मॅगपाय बसला होता, कावळ्याच्या जातीचा तो काळापांढरा पक्षी. एकटा मॅगपाय दिसला की टोपीला हात लावायचा आणि त्याच्या बायकोची विचारपूस करायची, नाहीतर दिवस वाईट जातो. डेसमंड हे लहानपणापासून करत आला होता. तोंडातून आपोआप निघालं, "नमस्कार साहेब. बाईसाहेब कशा आहेत?" आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. मॅगपायने मान तिरपी करून त्याच्याकडे पाहिलं आणि उडून गेला. गावाच्या दिशेने.

पहिली बाग जुन्या मठाच्या भिंतीला लागून होती. फाटकात टेबल टाकून ग्लेनिस हॅडो नावाच्या ठसठशीत बाई तिकिटं देत होत्या. तिकीट म्हणजे कोटावर चिकटवायची पिवळी गोल चकती आणि बागांचा नकाशा.

"किती?" ग्लेनिसबाईंनी विचारलं.

"दोन," डेसमंड म्हणाला.

चाळीस वर्षांची सवय. शब्द बाहेर पडल्यावर त्याच्या ध्यानात आलं. पण बाईंनी दोन चकत्या पुढे केल्याही होत्या, मागे रांग होती, लगेच मागचा माणूस घसा खाकरत होता. आता काय सांगायचं? चुकलो, एकच द्या, दुसरी वारली? चारचौघांत एवढा तमाशा करण्यापेक्षा डेसमंडने पैसे मोजून दिले असते दहा तिकिटांचे. त्याने एक चकती कोटाला लावली. दुसरी कागदासकट पाकिटात ठेवली.

"बाईसाहेब मागून येतायत वाटतं?" ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"हो," डेसमंड म्हणाला. "म्हणजे... हो."

पहिल्या तीन बागांत काही झालं नाही. ऊन कोवळं होतं, विस्टेरियाचे घोस भिंतीवरून लोंबत होते. मठाच्या मनोऱ्याभोवती त्या वर्षीच्या पहिल्या पाकोळ्या आलेल्या होत्या. डेसमंडने त्या पाहिल्या, लिहिल्या, आणि घड्याळ बघून पुढे निघाला. स्वतःवर जरा खूशही झाला.

चौथी बाग स्पेन्स नावाच्या निवृत्त मास्तरांची. ट्यूलिपच्या वाफ्यात ते टोपली घेऊन गळलेल्या पाकळ्या वेचत होते. डेसमंडची दुर्बीण दिसताच सरळ उभे राहिले.

"अच्छा, पक्षीवाले नवरोबा तुम्हीच होय? बाई म्हणाल्याच, मागून येतील, भिंतीकडे बघत येतील."

"कोण बाई?"

"अहो, तुमच्या! आत्ताच गेल्या पुढे. त्या सापाच्या डोक्यासारख्या फुलांपाशी चांगला वेळ उभ्या होत्या." त्यांनी गवताकडे बोट दाखवलं. तिथे चौकटीचौकटींची जांभळी फुलं खाली माना घालून उभी होती. "बाकी बोलायला गोड आहेत हो. मी इतका मागे राहिलो असतो तर आमच्या हिने एव्हाना लग्न मोडलं असतं."

इथे खरं म्हणजे सांगायला हवं होतं. माझी बायको नाही, तुमची गल्लत होतेय. पण मास्तर इतक्या आपुलकीने हसत होते की त्यांना ओशाळं करायचं डेसमंडच्या जिवावर आलं. तो म्हणाला, "आभारी आहे." बाहेर गल्लीत आल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली. दुर्बीणवाले नवरे काय कमी आहेत जगात? दुसऱ्या कुणाची तरी बायको असेल. तरी पाय थोडे भरभर पडायला लागले.

पाचव्या बागेत कुणी काही बोललं नाही. सहाव्यात एक पोक्त बाई जावयाशी भांडत होत्या, भांडण अर्धवट सोडून डेसमंडकडे आल्या. "तुम्हीच ना? तुमच्या बायकोला जरा सांगा. टोपीत हॉथॉर्नची डहाळी खोचून हिंडतायत. माझी आई असती तर फाटकातून आत घेतलं नसतं. ते फूल घरात आणलं की घरातलं माणूस जातं."

"मम्मी, घरात कुठे, बागेत आल्या होत्या त्या," जावई म्हणाला.

"तू गप रे! वास आला मला. कसला वास असतो ठाऊक आहे ना त्या फुलाला?"

डेसमंडला ठाऊक होता. बंद खोलीत माणूस पडून राहिलं की येतो तसा, गोडसर.

"टोपी," तो म्हणाला. "कसली टोपी होती?"

"हिरवी. का? तुम्हाला नाही माहीत तुमच्या बायकोची टोपी?" बाई जावयाकडे वळल्या. "पाहिलंस? सगळे एकाच माळेचे."

सातवी बाग डेसमंडने नीट पाहिलीच नाही. आठव्या बागेत चर्चचं सभागृह होतं, तिथे चहा आणि केक. तो दारातून आत डोकावून नुसता निघून जाणार होता. दारातल्या पहिल्याच टेबलावर चहा ओतणाऱ्या मॉरीनबाईंनी हाक मारली. "अहो टेबट! इकडे या. तुमचं काढून ठेवलंय."

आपलं नाव ऐकून डेसमंड जागच्या जागी थबकला. कप तयार होता. दूध आधी घातलेलं, साखर नाही. शेजारी बशीत कॉफी-अक्रोडाचा तुकडा, त्यावर दुसरी बशी झाकलेली.

"त्या म्हणाल्या, तो आधी नको म्हणेल, मग तुकडा संपवून बोटं चाटेल," मॉरीनबाई खुदकन हसल्या. "घ्या, लाजू नका. आमच्याकडचेही तसलेच."

डेसमंडने केक घेतला नाही. कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "दिसायला कशा होत्या त्या?" त्याने हळूच विचारलं.

मॉरीनबाई विचारात पडल्या. एवढा वेळ ज्या बाईशी बोललो तिचा चेहरा आठवू नये, याचं त्यांनाच नवल वाटलं असावं. "कशा म्हणजे... वाट बघणारं माणूस दिसतं तशा. घाई नव्हती हो त्यांना. फक्त दोनदा विचारलं, पाचला बंद होतं ना, नक्की पाचलाच ना?"

सभागृहाच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

यानंतर डेसमंडने नवव्या बागेत मालकाला काही विचारलं नाही. तो फक्त वाटेवर बघत होता. ओल्या मातीत बायकी बुटांचे ठसे होते. चामड्यात जन्म काढलेल्या माणसाला ठसा वाचता येतो. उजवी टाच आतल्या अंगाला झिजलेली. थेल्माची झिजायची. त्यानेच कितीतरी वेळा नवी बसवून दिली होती. शेवटची बसवली नव्हती. तो बुटाचा जोड तिच्याबरोबर शवपेटीत गेला होता.

दहाव्या बागेत, सॉलोमन्स सीलच्या पांढऱ्या फुलांपाशी, खुर्ची टाकून बसलेल्या म्हातारीने मान वर न करता सांगितलं, "बाराव्या बागेत बसतेय म्हणाली. बाकावर. पाचपर्यंत बसेन, मग जावं लागेल. असा निरोप आहे."

"कुठे जावं लागेल?"

"ते मी कसं विचारणार, बाबा?" म्हातारी म्हणाली. आणि मग, "मी तुमच्या जागी असते ना, तर इथे बोलत बसले नसते."

पाचला बारा मिनिटं होती.

नकाशाप्रमाणे बाराव्या बागेला एकच रस्ता होता, अकराव्याच्या मागच्या फाटकातून. अकरावी म्हणजे जुनी सफरचंदांची बाग, चारी बाजूंनी उंच भिंत. तिथे चिटपाखरू नव्हतं. झाडं फुलून आलेली, गुलाबी-पांढरी, आणि इतकी गप्प की पाकळी गवतावर पडल्याचं ऐकू यावं. गवतातून एक अरुंद पाऊलवाट होती. पाऊलवाटेच्या मध्यावर मुंग्यांचं वारूळ होतं. आणि वारुळावर तो होता.

वाळक्या सालीच्या रंगाचा. चिमणीहून जरा मोठा.

डेसमंड उभा राहिला. नाही नाही म्हणता हात दुर्बिणीकडे गेलाच. पक्षी पंधरा पावलांवर, पाठमोरा, जीभ काढून मुंग्या टिपत होता. सावलीत होता, त्यामुळे पाठीवरचा काळा पट्टा, डोळ्याजवळची रेघ, काही नक्की दिसत नव्हतं. डेसमंडचा नियम होता, खुणा पक्क्या पाहिल्याशिवाय यादीत लिहायचं नाही. थोडं थांबलं असतं तर तो उन्हात आला असता. त्याला मुंग्या खाण्याची काही घाई दिसत नव्हती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पण वाट त्याच्यावरूनच होती. पाऊल टाकलं की उडणार. सबंध आयुष्यात एकदा समोर आलेला, आणि पुन्हा येणार नाही.

मनोऱ्यावरच्या घड्याळाचा काटा भिंतीवरून दिसत होता. पाचला चार मिनिटं.

तेव्हा पक्ष्याने मान वळवली. अंग न हलवता, सावकाश, नुसती मान, पुढून बाजूला, बाजूकडून मागे, आणि पीळ भरत पार त्याच्यापर्यंत. एका तपकिरी डोळ्याने त्याच्याकडे पाहत राहिला. डेसमंडला तलावाकाठचं ते झुडूप आठवलं. तीन वाजेपर्यंत. आणि वाटलं, हा तेव्हा गेलाच नव्हता. इथेच येऊन बसला होता, त्याला आणखी एकदा अडवायला.

"बाजूला हो," डेसमंड म्हणाला.

पक्षी फुत्कारला. भर उन्हात डेसमंडच्या मानेवर काटा आला. त्याने गळ्यातली दुर्बीण काढली, सफरचंदाच्या फांदीला अडकवली, नजर पायांवर ठेवली आणि सरळ चालत गेला. पायाजवळून काहीतरी फडफडत उडालं. कुठे गेलं, त्याने पाहिलं नाही.

मागच्या फाटकापलीकडे धर्मशाळेचं आवार होतं. गावातली आठ म्हातारी माणसं तिथे राहतात, आणि मधली बाग सगळ्यांची मिळून. फाटकापाशी पिम नावाचे एक वाकलेले आजोबा किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते.

"टेबट ना?" पिम म्हणाले. "चला, चला, पळा. किती वाट बघायला लावायची माणसाला? मघापासून तीनदा म्हणाल्या, येणार नाही तो बहुतेक. त्याला काहीतरी दिसलं असेल."

"आहे अजून?"

"बाकावर."

बाक आवाराच्या टोकाला, लिली ऑफ द व्हॅलीच्या वाफ्यामागे होता. डेसमंड पोहोचला तेव्हा मनोऱ्यावर पहिला टोला पडला.

बाकावर कुणी नव्हतं.

फळीवर हॉथॉर्नची एक डहाळी होती. आणि बाकाच्या पाठीवर, एका बाजूला, बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, पिवळी गोल चकती चिकटवलेली होती. डेसमंडने पाकीट काढलं. आत पत्रकाची घडी होती, नोटा होत्या, चकतीचा मागचा गुळगुळीत कागद होता. चकती नव्हती. दुसरा टोला पडला, तिसरा. त्याने फळीवर तळवा ठेवला, कातड्यावर ठेवायचा तसा, बोटं पसरून. बाक सावलीत होता, लाकूड थंडगार होतं. फक्त चकतीखालची जागा ऊबदार होती.

चौथ्या टोल्याला तो शेजारी बसला. डावीकडे, नेहमीच्या जागी. डोळे समोरच्या फुलांवर ठेवले.

"आलो," तो म्हणाला. "आज वेळेत आलो, थेल्मा."

पाचवा टोला पडला आणि बराच वेळ हवेत घुमत राहिला. भिंतीपलीकडून, सफरचंदांच्या झाडांमधून, मानमोडी ओरडला. चिरका, एकसुरी, पुन्हा पुन्हा. उठला असता तर फाटक अजून उघडंच होतं, आणि दुर्बीण तिथेच फांदीला लटकत होती. डेसमंड हलला नाही. त्या गोडसर वासाची आता त्याला भीती वाटत नव्हती, पण मान वळवून बाजूला बघायची मात्र हिंमत नव्हती. बघितलं तर खुणा पक्क्या होतील, किंवा होणार नाहीत. त्याला दोन्ही नको होतं.

पिम आजोबा किल्ल्या वाजवत वाफ्यापर्यंत आले. त्यांनी बाकाकडे पाहिलं, आधी एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, आणि टोपीला हात लावला.

"बंद करायची वेळ झाली खरी," ते म्हणाले. "पण राहू दे. एवढ्या उशिरा भेटलात. मी आधी पलीकडचं फाटक लावून येतो, तोवर बसा दोघं."